केस संपली, पण कुणी जाऊ नका

२९ मार्च २००५, इंग्लंड. एलेन ब्रोमिली या ३७ वर्षांच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी एका खासगी रुग्णालयात आल्या होत्या. तब्येत चांगली, घरी दोन लहान मुलं. सकाळी साडेआठनंतर त्यांना भूल दिली आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. श्वास चालू राहावा म्हणून तोंडातून जे साधन बसवतात ते बसेना. मास्कने हवा द्यावी तर ती आत जाईना. घशातून नळी घालायचा प्रयत्न झाला, तोही फसला. पहिल्या चार-पाच मिनिटांतच रक्तातला ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत उतरला. तुमच्या-आमच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं तर आकडा ९५च्या वर दिसतो, यावरून काय ते समजा.

दुसरे भूलतज्ज्ञ धावत आले. कान-नाक-घशाचे सर्जन तिथेच होते. तिघंही अनुभवी. नळीही जात नाही आणि हवाही जात नाही अशी वेळ आली, तर गळ्याला समोरून छेद देऊन थेट श्वासनलिकेत वाट करायची, हे भूलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला घोकवलेलं असतं. तरी ते तिघं तोंडातूनच प्रयत्न करत राहिले. वीसेक मिनिटं ऑक्सिजन तळाला होता. एलेन शुद्धीवर आल्याच नाहीत. तेरा दिवसांनी त्या गेल्या.

आता त्याच खोलीतली दुसरी बाजू. तिथल्या एका सिस्टरने गळ्याला छेद द्यायचा सेट आणून ठेवला होता आणि सेट तयार असल्याचं सांगितलंही होतं. कुणी मान वर केली नाही. दुसरीने आयसीयूत फोन करून बेड सांगून ठेवला. डॉक्टरांना तसं कळवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर ‘एवढी काय घाई’ असा भाव दिसला, आणि तिने पुन्हा फोन करून बेड नको म्हणून सांगितलं. म्हणजे काय करायला हवं हे त्या खोलीत ठाऊक होतं. फक्त ज्यांच्या हातात चाकू होता त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

हे सगळं आज मिनिटामिनिटाच्या हिशेबाने माहीत आहे ते एलेनच्या नवऱ्यामुळे. मार्टिन ब्रोमिली व्यवसायाने पायलट. विमानाच्या क्षेत्रात अपघात झाला की तपास होतोच, कुणी तक्रार करो वा न करो. रुग्णालयात त्यांनी तपास कधी सुरू होणार असं विचारलं, तर उत्तर आलं की तुम्ही तक्रार किंवा दावा केल्याशिवाय सहसा असं काही होत नाही. त्यांनी आग्रह धरला आणि भूलशास्त्राचे प्रा. मायकेल हार्मर यांच्याकडून स्वतंत्र पाहणी झाली. कुणाची नोकरी जावी हा मार्टिन यांचा हेतू नव्हता. ते डॉक्टर पुढे कामावर परतले आणि आपल्याला तेच हवं होतं, असं मार्टिन यांनी जाहीरपणे सांगितलं. २००७मध्ये त्यांनी ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ ही, उपचारांत माणसांकडून चुका कशा घडतात ते बघणारी संस्था काढली.

मला या गोष्टीत सारखं खुपतं ते हे : त्या सिस्टरांना त्याच दिवशी, त्याच खोलीत कुणी विचारलं असतं की ‘तुम्हाला काय दिसलं?’, तर यातला निम्मा उलगडा दहा मिनिटांत झाला असता. एलेनसाठी तो उपयोगाचा नव्हता, हे खरं. पण त्या टेबलवर उद्या दुसरं कुणीतरी झोपणारच होतं.

या विचारण्याला डीब्रीफिंग म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. ‘झाल्या प्रकाराची उजळणी’ म्हणता येईल, पण ऑपरेशन थिएटरात (ओटीत) कुणी तसं म्हणणार नाही. तेव्हा डीब्रीफिंगच म्हणू. ऑपरेशनच्या वेळी अचानक काही गंभीर घडलं – हृदय थांबलं, रक्तस्राव आवरेना, श्वासाचा मार्ग मिळेना, औषधाची जीवघेणी रिअ‍ॅक्शन आली – तर पेशंट स्थिर झाल्यावर किंवा गेल्यावर, त्या वेळी खोलीत असलेल्या सगळ्यांनी थोडा वेळ एकत्र उभं राहून काय घडलं ते क्रमाने बोलायचं. बस, एवढंच.

एवढ्याशा गोष्टीचं इतकं कौतुक कशाला? तर घटना कुणा एकाला पूर्ण दिसतच नाही म्हणून. दहीहंडीचा थर कोसळला की काय होतं, आठवा. सगळ्यात खालच्या थरातल्या गोविंदाला फक्त समोरच्याची पाठ दिसत असते आणि खांद्यावरचं वजन एका बाजूला सरकल्याचं जाणवतं. वरच्या एक्क्याला हंडी दिसते, पण पायाखाली कोण थरथरतंय ते कळत नाही. बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला आकृती दिसते, वजन कळत नाही. थर का कोसळला हे कळायला तिघांची गोष्ट जोडावी लागते. थिएटरातही सर्जनची नजर जखमेत, भूलतज्ज्ञाची मॉनिटरवर, सिस्टरची ट्रॉलीवर, आणि वॉर्डबॉय तर अर्धा वेळ जिन्यात. प्रत्येकाकडे एकेक तुकडा. पाळी संपली की तो तुकडा घेऊन जो तो घरी जातो.

रात्री चार वाजताची दहा मिनिटं

पुढचा प्रसंग मी रचलेला आहे, पण रात्रपाळी केलेल्या माणसाला तो अनोळखी वाटू नये.

जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय, रात्रीचे अडीच. सिझेरियन. बाळ रडलं, पण गर्भाशय आकसेना आणि रक्त थांबेना. मालिश, एकामागून एक औषधं, टाके, रक्त टिपायच्या कापडाचे मॉप, रक्ताच्या पिशव्या. चारच्या सुमारास बाई आयसीयूत पोचल्या, बीपी टिकलं. जो तो ग्लोव्हज काढून दाराकडे निघाला, तेवढ्यात ऑपरेशन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “केस संपली, पण कुणी जाऊ नका. दहा मिनिटं. मामांनाही बोलवा.”

मामा म्हणजे वॉर्डबॉय. ते दारातच थांबले.

“आत या मामा. कुणाला बसायचंय? पाणी हवंय? बरं. काय काय झालं ते क्रमाने बोलू. कुणाची झडती नाही. मी सुरुवात करते. रक्त किती गेलंय याचा अंदाज मला उशिरा आला. मॉप मोजून मोठ्याने सांगायचं काम मी कुणाला दिलंच नव्हतं.”

भूलतज्ज्ञ सर म्हणाले, “मी इकडून दोनदा म्हटलं की बीपी पडतंय. ऐकू गेलं का?”

“एकदाच गेलं. सक्शनचा आवाज होता.”

“सिस्टर, तुम्ही?”

“मॅडम, तुम्ही प्रोस्टोडिन मागितलं तेव्हा आपल्या ओटीच्या फ्रीजमध्ये ते नव्हतं. लेबर रूमच्या फ्रीजमध्ये होतं. त्याची किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे, आणि त्या वर राउंडला गेलेल्या.”

“मामा, तुम्हाला काय दिसलं?”

मामांना बहुधा हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. “मला काय दिसणार मॅडम. मी दोनदा खाली गेलो रक्तपेढीत.”

“दोनदा का?”

“पहिल्यांदा फॉर्मवर सही नव्हती. त्यांनी परत पाठवलं.”

कोपऱ्यातला रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, खाली बघत म्हणाला, “सही माझी राहिली, मॅडम.”

“फॉर्म सिस्टरांनी भरला तेव्हा तू कुठे होतास?”

“तुमच्यासमोरच. गर्भाशय दाबून धरलं होतं.”

“म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. मग सही करायला मोकळं कोण होतं? कुणीच नाही. हे लिहून घ्या.”

या शेवटच्या दोन ओळींवर सगळं डीब्रीफिंग उभं आहे. पोरगा चूक पत्करायला तयार होता. मॅडमनी ‘पुढच्या वेळी लक्ष ठेव’ म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, रेसिडेंट आठवडाभर झोपला नसता, आणि पुढच्या रक्तस्रावाच्या वेळी दुसऱ्या कुणाचे तरी हात गुंतून फॉर्म पुन्हा तसाच खाली गेला असता. त्यांनी एक प्रश्न जास्त विचारला आणि दोष एका पोराच्या गळ्यातून सुटून कामाच्या मांडणीत सापडला.

बाकीचं कसब त्यामानाने सोपं आहे. खोलीतल्या सगळ्यात वरच्या माणसाने आधी स्वतःचं उणं सांगायचं. त्याशिवाय खालचे तोंड उघडत नाहीत. पेशंटची आणि टीमची विचारपूस आधी, चर्चा नंतर. जे नीट झालं तेही बोलायचं, आणि ‘छान केलंत सगळ्यांनी’ असं मोघम न म्हणता नेमकं : दुसरी सलाइन न सांगता लावली म्हणून वेळ वाचला, असं. ब्रिटनमध्ये ‘टॉक’ नावाची चार पायऱ्यांची एक पद्धत वापरतात : कशाबद्दल बोलायचं ते ठरवा, ते तसं का झालं ते बघा, त्यातून काय शिकलो ते सांगा, आणि आता कोण काय करणार ते पक्कं करा. कागदावर दोन-तीन गोष्टींपलीकडे लिहूच नये. पंधरा मुद्दे लिहिले की एकही होत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला सांगायला नको.

एक खड्डा मात्र सगळ्यांनाच पाडतो. निकाल कळल्यावर माणसाला वाटायला लागतं की हे तर आधीपासून दिसतच होतं. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५मध्ये प्रयोग करून हे दाखवलं, पण आपल्या आज्या ‘झाल्यावर सगळेच शहाणे’ म्हणत आल्या आहेत. म्हणून ‘तुला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न डीब्रीफिंगमध्ये बाद. त्याऐवजी ‘त्या क्षणी तुला काय दिसत होतं, आणि त्यावरून काय वाटलं?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला माफी मिळते, दुसऱ्याला माहिती.

गरम आणि थंड

लगेच, जागेवर होतं ते ‘हॉट’ डीब्रीफिंग. पाच-दहा मिनिटांचं, आठवण ताजी असताना. काही दिवसांनी केसपेपर, मॉनिटरच्या नोंदी, शवविच्छेदनाचा अहवाल हातात आल्यावर निवांत बसून होतं ते ‘कोल्ड’. दोन्हींची कामं वेगळी. गरम बैठकीत किल्ली कुठे होती ते कळतं. मुळात गर्भाशय का आकसलं नाही किंवा औषधाचा डोस बरोबर होता का, ते चार वाजता डोळ्यांवर झोप असताना ठरवू नये. कुणी रडत असेल, कुणाचे हात थरथरत असतील, तर गरम बैठकही उद्यावर टाकावी. आणि पेशंटवर काय उपचार झाले याची नोंद केसपेपरवरच, खरी वेळ घालून व्हायला हवी. डीब्रीफिंगमध्ये बोलून मग केसपेपर ‘सुधारायचा’ हा उद्योग कुणी करत असेल, तर त्याला वेगळं नाव आहे.

आपल्या मेडिकल कॉलेजांतल्या लोकांना वाटेल की आमच्याकडे एम-एम मीटिंग असतेच, म्हणजे गुंतागुंत झालेल्या आणि दगावलेल्या केसेसची चर्चा. ती हवीच. पण तिथे स्लाइड असते, मागच्या रांगेत पोस्टग्रॅज्युएटची पोरं असतात, बऱ्याचदा एखाद्याची सालटी काढली जाते. तिथे मामा नसतात. सिस्टरही क्वचितच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये ऑपरेशनसाठी जी तपासणी-यादी आणली ती आता बरीच परिचयाची आहे : भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने पडताळायचं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तिची चाचणी झाली, त्यात नवी दिल्लीही होती. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. या यादीतल्या शेवटच्या थांब्याला ‘कुठलं उपकरण बिघडलं का?’ असा एक प्रश्न आहे. डीब्रीफिंगचं बी तिथेच पेरलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१०मध्ये या तीन थांब्यांच्या आधी ब्रीफिंग आणि नंतर डीब्रीफिंग जोडून पाच पायऱ्या केल्या. कल्पना अशी की रोज, साध्या केसनंतरही दोन मिनिटं बोलायची सवय असेल, तर वाईट रात्री तोंड उघडायला जड जात नाही. मला हे फार पटतं. ज्या टीमने कधी साध्या दिवशी गप्पा मारल्या नाहीत ती मृत्यूनंतर काय बोलणार?

याने खरंच काही होतं का?

स्कॉट टॅननबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३मध्ये वेगवेगळ्या क्षेत्रांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. नीट घेतलेल्या डीब्रीफिंगने कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारते, असा त्यांचा हिशेब निघाला. त्यात रुग्णालयंच होती असं नाही, सैन्य आणि इतर कामंही होती. ऑपरेशनच्या जवळचा पुरावा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतून येतो. तिथे टीमना एकत्र बसवून प्रशिक्षण दिलं, ब्रीफिंग आणि डीब्रीफिंग लावून दिलं. २०१०मध्ये छापून आलेल्या आकड्यांत प्रशिक्षण घेतलेल्या ७४ रुग्णालयांत ऑपरेशननंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, न घेतलेल्या ३४ रुग्णालयांत ७ टक्क्यांनी. मात्र तिथे एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलल्या होत्या. सगळं श्रेय डीब्रीफिंगला देणं म्हणजे वरणाची चव एकट्या हिंगामुळे आली म्हणण्यासारखं आहे.

याउलट, डीब्रीफिंग याच नावाच्या दुसऱ्या एका गोष्टीने काही वेळा नुकसान केलेलं आहे, आणि ही गल्लत डॉक्टरही करतात. १९८३मध्ये जेफ्री मिचेल यांनी आणीबाणीच्या सेवेतल्या लोकांसाठी मानसिक धक्क्यानंतर घ्यायच्या सत्राची पद्धत मांडली : काय पाहिलंत, काय वाटलं, सगळ्यात भयंकर काय होतं, ते बोला. पुढे तसलीच एकेकट्याची सत्रं अपघातग्रस्तांसाठीही घेतली जाऊ लागली. वाटलं की बोलून टाकलं म्हणजे मन मोकळं होईल. पण भाजलेल्या पेशंटांवर १९९७मध्ये झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात १३ महिन्यांनी असं सत्र मिळालेल्या २६ टक्के लोकांत आघातानंतरचा मानसिक आजार आढळला, सत्र न मिळालेल्यांत ९ टक्के. असे सगळे अभ्यास एकत्र पाहणाऱ्या कोक्रेन आढाव्यानेही अशी एकदाच घेतलेली सक्तीची सत्रं बंद करा, असंच सांगितलं.

म्हणून थिएटरातल्या डीब्रीफिंगने मनाच्या तळाशी हात घालू नये. ‘तुला त्या वेळी काय वाटलं?’ हा प्रश्न तिथे कामापुरताच, म्हणजे तू काय समजलास, एवढ्याच अर्थाने. याचा अर्थ माणसांकडे बघायचंच नाही असा नाही. हातून चूक घडलेल्या डॉक्टरांसाठी ‘दुसरा बळी’ हा शब्द अल्बर्ट वू यांनी २०००मध्ये वापरला. त्यावर पुढे बराच वादही झाला, कारण पेशंटच्या घरच्यांना तो झोंबतो आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या रेसिडेंटला दुसऱ्या दिवशी कुणीतरी चहाला न्यावं, झोप लागतेय का विचारावं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी. फक्त ते दहा मिनिटांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर उरकू नये.

मग हे होत का नाही? पुढची केस टेबलवर येऊन थांबलेली असते, हे एक. सरांपुढे बोलायची प्राज्ञा नसते, हे दुसरं. तिसरी भीती : बोललो आणि बाहेर गेलं तर? पोलीस, ग्राहक न्यायालय, दारातला जमाव. ही भीती खोटी नाही. तिच्यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही, पण आपल्याच देशात एक वाट मळलेली आहे. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४पासून मातामृत्यूंची गोपनीय तपासणी सुरू केली. केंद्र सरकारच्या मातामृत्यू आढाव्याच्या मार्गदर्शक सूचनांतही ‘नाव नाही, दोष नाही’ हेच तत्त्व आहे. आढावा कुठे चुकलं ते शोधायला, शिक्षा करायला नाही. बाळंतपणात बाई दगावली तर हे करायचं असं आपण मान्य केलेलं आहे. मग ती दगावता दगावता वाचली, किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये कुणाचं हृदय थांबलं, तर तेच करायला कागदोपत्री काही आडवं येऊ नये.

आणि चुका बोलून दाखवणारी टीम वाईट दिसेल ही भीती? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्याच चुका जास्त! मग लक्षात आलं की चांगल्या टीम चुका लपवत नव्हत्या, एवढंच.

बहुतेक डीब्रीफिंग मरतं ते मात्र यानंतरच्या टप्प्यावर. बोलणं झालं, कागद झाला, कागद फायलीत गेला. दुसऱ्या वेळी कुणी विचारलं की ‘मागच्या वेळी बोललो होतो त्याचं काय झालं?’ आणि उत्तर नसलं, की तिसऱ्या वेळी सगळे गप्प. म्हणून प्रत्येक मुद्द्यापुढे माणसाचं नाव आणि तारीख हवी, आणि झालं की ज्याने सांगितलं त्यालाच जाऊन कळवायला हवं.

माझ्या रचलेल्या रुग्णालयात त्या रात्री तीन ओळी लिहिल्या गेल्या. प्रोस्टोडिन ओटीच्या फ्रीजमध्येही ठेवायचं, किल्ली नाही, सिस्टर शनिवारपर्यंत करतील. रक्तस्राव सुरू झाला की मॉप मोजून मोठ्याने सांगायला एक माणूस. रक्ताचा फॉर्म खाली जाण्याआधी सहीसाठी ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना (आरएमओंना) वर बोलवायचं. शनिवारी सिस्टरांनी मामांना हाक मारून फ्रीज उघडून दाखवला. मामांनी आत डोकावून औषधाचा डबा बघितला आणि विचारलं, “लाइट गेली तर याला जनरेटर आहे का?”

चौथी ओळ.